शेवटचा हात

जिन्याच्या दिव्याला दोन बटणं असतात, पण त्यांतल्या कुठल्याही एकाकडे बघून दिवा चालू आहे की बंद हे सांगता येत नाही. घरातली बाकीची बटणं सरळ वागतात. खाली दाबलेलं म्हणजे चालू, वर उचललेलं म्हणजे बंद. अमेरिकेत उलट असतं, वर म्हणजे चालू. पण उलटी का होईना, तीही रीतच. जिन्याच्या बटणाला रीत नाही. काल ते खाली होतं तेव्हा उजेड होता, आज तसंच खाली आहे आणि जिन्यात काळोख.

हे कोडं आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये सुटतं. वायरमनच्या ट्रेडला लाकडी बोर्डावर ज्या जोडण्या करून दाखवाव्या लागतात, त्यांत ‘स्टेअरकेस वायरिंग’ हमखास असतं. साध्या स्विचला दोन स्क्रू, जिन्याच्या ‘टू-वे’ स्विचला तीन. एक ‘कॉमन’, बाकीचे दोन त्याला जाता येईल अशा दोन जागा. बटण दाबलं की कॉमनचा सांधा एका जागेवरून दुसरीवर जातो. कुठेच जोडलेला नाही, असा तो कधी नसतोच. खालच्या स्विचच्या कॉमनला फेज येते. वरच्या स्विचच्या कॉमनवरून एक तार दिव्याकडे जाते, तिला आमच्याकडचे वायरमन ‘हाफ वायर’ म्हणतात. मधे दोन तारा, या स्विचपासून त्या स्विचपर्यंत. दोन्ही स्विच एकाच तारेवर आले की दिवा लागतो, वेगवेगळ्या तारांवर गेले की जातो. गच्चीच्या दारातूनही तोच दिवा हाताळायचा असेल तर या मधल्या तारांच्या वाटेत चार स्क्रूंचा इंटरमीडिएट स्विच घालतात. तो दोन तारांची अदलाबदल करतो, बस्स. असे हवे तितके घाला. कुठलंही एक बटण हललं की दिवा पालटतो.

आमटीतल्या मिठाचा हिशोब असाच. दोन्ही जावांनी घातलं नाही तर अळणी, एकीनेच घातलं तर बरोबर, दोघींनी घातलं तर पुन्हा बिघडलं. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि एक्स-ऑर गेट शिकवायची वेळ आली की वर्गात मीठ काढते. त्यानंतर क्लॉड शॅननचं नाव घेते. १९३७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, एमआयटीतल्या पदव्युत्तर प्रबंधात त्याने दाखवून दिलं की रिले आणि स्विचांची कितीही गुंतागुंतीची जाळी जॉर्ज बूलच्या बीजगणितात लिहिता येते, सोडवता येते, आखडता येते. बूलचं पुस्तक १८५४ सालचं. ऐंशी वर्षं ते तर्कशास्त्राच्या कपाटात होतं. शॅननच्या प्रबंधातल्या उदाहरणांत शून्य आणि एक या दोनच अंकांत बेरीज करणारं रिलेचं एक यंत्रही आहे. त्या बेरजेतला हातचा बाजूला ठेवला तर उरतो तो आपल्या जिन्याचा दिवा. पोरं हसतात, पण मग घरी जाऊन बटणं दाबून बघतात.

मला या जोडणीबद्दल वेगळ्याच कारणाने आदर आहे. तिच्यात कुणी थोरलं-धाकटं नाही. खालच्या बटणाचा शब्द वरच्याने खोडावा, वरच्याचा खालच्याने. ज्याचा हात शेवटी लागला त्याचं खरं. दिवा लागलेला आहे ही गोष्ट एका बटणाला माहीतच नसते, ती दोघांच्या मिळून असते. अर्धी आठवण खालच्या बोर्डात, अर्धी वरच्या. वीज गेली, रात्रभर आली नाही, पहाटे आली, तरी आठवण जाग्यावर असते, कारण ती पितळी सांध्याच्या ठिकाणात आहे. यात एकही सुटा भाग असा नाही की ज्याला कंपनीने उद्या सांगावं, आता तुझी मुदत संपली.

आता आमचं सांगलीचं घर. तळमजला आणि वर एक मजला, मधे वळणाचा जिना, आई वर झोपते आणि देव, स्वयंपाकघर, टीव्ही खाली. तिचे गुडघे हा आमच्या घरातल्या सगळ्या नियोजनाचा पाया. दादा जर्मनीत असतो, सॉफ्टवेअरमध्ये. मागच्या एका दिवाळीला तो आला तो सामान घेऊनच: आईने आवाज दिला की लागणारे दिवे, तिकडे बसून दिसणारे दिवे, संध्याकाळी आपोआप लागणारे दिवे. खोल्यांतले दिवे सुरळीत झाले. मग त्याने जिन्याला हात घातला. वरच्या बोर्डातला टू-वे काढला आणि त्या जागी काचेचा स्पर्शाचा स्मार्ट स्विच बसवला. छान दिसायचा. फोनवर चालला, बोटावर चालला, आईच्या आवाजावरही चालला. दादा विमानात बसला.

दुसऱ्या संध्याकाळी आईने नेहमीप्रमाणे खालचं बटण दाबलं, दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. वर अंधारात चाचपडत जाऊन काचेला बोट लावलं, तर कधी लागायचा, कधी नाही. जर्मनीतून फोन: ‘ॲप डिव्हाइस ऑफलाइन दाखवतंय, राउटर बंद करून चालू कर.’ तिकडे दुपार, इकडे दिवेलागण उलटून गेलेली. आईने राउटर बंद करून चालू केला. बिचाऱ्या राउटरचा यात काही संबंध नव्हता.

झालं होतं ते असं. दादाच्या स्विचला दोनच तारा हव्या होत्या, एक आत, एक बाहेर. वरच्या बोर्डात त्याला तीन दिसल्या: मधल्या दोन आणि हाफ वायर. त्याने मधल्यांपैकी एक घेतली, दुसरी टेप गुंडाळून आत सारली. ज्या घडीला त्याने चाचणी घेतली, तेव्हा खालचा स्विच नेमका घेतलेल्या तारेवर होता, म्हणून सगळं चाललं. खालचं बटण हललं की फेज जायची टेपवाल्या तारेत आणि वरच्या हुशार काचेला वीजच मिळायची नाही. ज्याला वीज नाही त्याला वायफाय कुठून? स्मार्ट स्विचांच्या बहुवाटी जोडण्यांतला हा जगभरचा पहिला घोटाळा आहे, आणि तो फसवा आहे कारण निम्म्या वेळा तो दिसत नाही. एका टू-वेच्या जागी साधा चालू-बंद करणारा काहीही बसवा, समोरच्या टू-वेचं रूपांतर मुख्य बटणात होतं.

मी सांगलीला गेले तेव्हा आईने वायरमन मामांना आधीच बोलावून ठेवलं होतं. मामा म्हणजे नात्याने कुणी नव्हेत. आमच्या भागातल्या अर्ध्या घरांत आणि मार्केट यार्डातल्या हळदीच्या कितीतरी गोदामांत त्यांनी तारा ओढल्यात. त्यांनी काच काढली, टेप सोडली आणि खिशातला टेस्टर एका तारेला लावला. पेटला. दुसऱ्या तारेला लावला. तोही पेटला, जरा मंद.

‘ताई, दोन्हीत करंट हाय.’

दोन्हीत असणं शक्य नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी मीटर लावलं. एकीवर दोनशे तीसच्या आसपास, दुसरीवर सत्तरऐंशी. मामांनी मीटरकडे बघितलंही नाही. पिशवीतून होल्डरला दोन तारा जोडलेला जुना पिवळा बल्ब काढला. पहिल्या तारेवर तो भक्कन लागला. दुसरीवर तारेची लाल रेषसुद्धा उमटली नाही, आणि मीटरवरचे सत्तरऐंशी व्होल्ट तेवढ्यात शून्यावर बसले.

या बल्बाला मी मीटरपेक्षा जास्त मानते. टेस्टरमधल्या निऑनला पेटायला प्रवाह लागतो नावापुरता. मीटरचा आतला रोध एक कोटी ओहमच्या घरात, म्हणजे तेही प्यायचं म्हणून थेंबच पिणार. एका पाइपातून शेजारीशेजारी गेलेल्या दोन तारांत एक जिवंत असली की दुसरीवर नुसत्या सान्निध्याने दाब उभा राहतो. मधलं रबर किंवा पीव्हीसी म्हणजे कपॅसिटरचाच पडदा. आमच्या जिन्याएवढ्या, दहाएक मीटरच्या लांबीला यातून वाहू शकणारा प्रवाह मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाहूनही कमी. चाळीस वॅटच्या बल्बाला त्याचं काही नाही. पण एलईडीला आहे.

आणि टू-वेच्या जिन्यात हा भुताटकीचा दाब कायमचा वस्तीला असतो, हे विसरून चालत नाही. साध्या खोलीत बटण बंद केलं की दिव्याकडची तार निपचित पडते. जिन्यात दिवा बंद असतो तेव्हाही मधल्या दोघींपैकी एक जिवंत असतेच आणि दिवा जोडलेला असतो तिच्या शेजारणीला. २०१५ नंतर सरकारी योजनेतून स्वस्त एलईडी घरोघर आले, पिवळे बल्ब गेले, आणि मग ‘जिन्यातला दिवा घालवला तरी मिणमिणतोय’ किंवा ‘रात्री मधूनच लुकलुकतोय’ या तक्रारी सुरू झाल्या. दिव्यात दोष नसतो, तारेतही नसतो. दिव्याच्या पोटातला ड्रायव्हर तो थेंबथेंब साठवतो, पुरेसा झाला की एकदा लुकलुकतो, रिकामा होतो, पुन्हा साठवायला लागतो. आमच्या गल्लीत एका घरी यावरून दृष्ट काढल्याचं आईने सांगितलं. मामांचा उपाय सोपा: त्याच दिव्याला जोडून झिरोचा बल्ब. झिरो म्हणतात त्याला, पण पितो बारापंधरा वॅट. मिणमिण थांबते आणि ९ वॅटचा दिवा लावून वाचवलेल्या विजेतली बरीच शेजारचा झिरो पिऊन टाकतो. निदान म्हणून मात्र युक्ती उत्तम. झिरो लावल्यावर दोष गेला तर समजावं, रोग सान्निध्याचा आहे. मग झिरो काढून तिथे छोटा कपॅसिटर बसवावा.

काच पुन्हा बसवायची नाही, हे आईने ठरवूनच टाकलं होतं. पण दादाचंही मन मोडायचं नव्हतं. एकटी आई रात्री उठली, खाली आली, वर गेली, हे त्याला तिकडे कळलं की त्याला झोप लागते. त्याच्या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी हे आहे आणि ते मला समजतं. तेव्हा बोर्डाच्या आत, बटणांच्या मागे मावेल असा छोटा मॉड्यूल बसवायचा आणि बटणं नेहमीसारखी हातापुरती ठेवायची, असं ठरलं. मॉड्यूलला चार गोष्टी लागतात: कायमची फेज, न्यूट्रल, दिव्याकडे जाणारी हाफ वायर आणि बटणाकडून येणारी सूचनेची तार.

‘हितं न्यूट्रल न्हाई,’ मामा म्हणाले. ‘खाली बी न्हाई. आमी कशाला आणतोय बोर्डात न्यूट्रल? तो वरनंच दिव्याला जातोय.’

जुन्या पद्धतीत हे बरोबरच आहे. तोडायची ती फेज. न्यूट्रलला स्विचच्या डबीत काही कामच नाही. त्यामुळे जिन्याच्या जोडणीत गंमत अशी होते की खालच्या बोर्डात फेज आहे पण हाफ वायर नाही, वरच्या बोर्डात हाफ वायर आहे पण कायमची फेज नाही, दिव्यापाशी न्यूट्रल आणि हाफ वायर आहे पण फेज नाही. तीन ठिकाणं, आणि एकाही ठिकाणी तीन गोष्टी एकत्र नाहीत. साध्या माणसांसाठी ही काटकसर होती. यंत्राला मात्र सगळं एका जागी लागतं.

खालच्या बोर्डातून नवी तार ओढावी म्हटलं तर पाइपात फिश वायर जाईना. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा आमचं खालचं घर बुडालं होतं. नंतर बोर्ड छातीच्या वर उचलून घेतले, तारा बदलल्या, पण भिंतीतले पाइप तेच राहिले आणि वळणावर गाळ घट्ट बसला. होत्या त्या दोन तारा कशाबशा निघाल्या होत्या, तिसरी मावत नाही.

इथे एक सोपी वाट असते आणि ती घेऊ नये, यावर मामा आणि मी एकदम बोललो. वरच्या बोर्डाशेजारी इन्व्हर्टरच्या लाइनीचा सॉकेट आहे. तिथून न्यूट्रल घेतला तर मॉड्यूल चालू होतो, लगेच. असे उसने न्यूट्रल घेतलेली घरं मी बरीच बघितली आहेत. उसन्या न्यूट्रलने वीज एका लाइनीतून जाते आणि दुसरीतून परतते, आणि आरसीसीबीचं काम म्हणजे गेलेली वीज आणि परतलेली वीज यांचा ताळा. ३० मिलिअँपिअरची तफावत त्याला सहन होत नाही. एका मॉड्यूलचा प्रवाह चारदोन मिलिअँपिअरचा, त्याने काही पडणार नाही. पण असे चारपाच मॉड्यूल झाले, फ्रिजची थोडी गळती, त्यात पावसाळ्यात ओलसर भिंत, की मग मध्यरात्री घर अंधारात आणि दोष शोधायला गेलं तर कुठेच सापडत नाही, कारण दिवसा भिंत वाळते. मामांची हरकत याहून साधी होती. ‘उद्या मी एमसीबी पाडून हितं काम करायला बसलो, आनि ह्या काळ्या तारंत दुसऱ्या लाइनीचं आलं, तर?’ काळ्या तारेवर विश्वास ठेवून हा धंदा चालतो.

मग जे केलं ते कागदावर काढलं तर फार देखणं आहे. मधल्या दोन तारांचं जुनं काम संपवलं. खालच्या बोर्डात पहिली तार फेजला कायमची जोडली. त्यामुळे वरच्या बोर्डात एकही नवी तार न ओढता कायमची फेज पोचली. हाफ वायर तिथे होतीच. न्यूट्रल दिव्यापासून वरच्या बोर्डापर्यंतच्या आखूड पाइपातून आणला. तिथवर पूर चढला नव्हता. आणि दुसरी तार झाली सूचनेची. दोन्ही बोर्डांत टू-वे काढून बेलचे स्विच लावले, दाबला की क्षणभर जोडणारे आणि सोडला की तोडणारे. खालून दाबा नाहीतर वरून, सूचनेच्या तारेला क्षणभर फेज लागते आणि मॉड्यूल दिवा पालटतो. तिसरं बटण हवं तर त्याच दोन तारांवर आणखी एक बेलपुश, इंटरमीडिएटची गरज नाही. दादाचा फोन म्हणजे या सगळ्यांतलंच आणखी एक बटण. नेट गेलं तरी हाताची बटणं चालतात. मी खूश होते.

त्याच रात्री दिवा आपला आपण लागला आणि गेला. आईने मला उठवलं नाही. सकाळी चहाबरोबर सांगितलं, ‘रात्री तुझ्या दिव्यानं चांगली करमणूक केली.’ दादाला वाटलं कुणीतरी हॅक केलं. पासवर्ड बदलला. पुन्हा तेच. खरं तर कालचंच भूत होतं, नव्या जागी राहायला आलेलं. सूचनेची तार आता बराच काळ कुठेच जोडलेली नसते, आणि तिच्या अंगाला अंग लावून पहिली तार चोवीस तास जिवंत. तिच्यावर दाब चढतो, खाली बोअरची मोटर चालू झाली की धक्का बसतो, आणि मॉड्यूलला वाटतं कुणीतरी बटण दाबलं. यावर औषध जुनंच आहे: सूचनेची तार आणि न्यूट्रल यांच्यात ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीला चालणारा कपॅसिटर आणि त्याच्या ओळीत १०० ओहमचा रोध. तारांच्या सान्निध्यातून होणारा कपॅसिटर याच्या शंभराव्या हिश्शाचा, त्यामुळे चढणारा दाबही शंभराव्या हिश्शावर, दोनेक व्होल्टांवर येतो. बोट लागलं तर मात्र पूर्ण दोनशे तीस. बोट आणि भास यांत मॉड्यूलला आता फरक करता येतो.

विजेच्या दोषांचं इथवर बरं होतं. ते मोजता येतात, बल्ब लावून खरंखोटं करता येतं. पुढचा दोष मीटरवर येणारा नव्हता.

दादाने तिकडे बसून वेळापत्रक घातलं: सूर्यास्ताला दिवा लागेल, रात्री अकराला जाईल. शिवाय कुणी मधे लावला तर ठरावीक वेळाने आपोआप जाईल, वीज वाया नको. आई एकदा अकराच्या सुमाराला पाण्याचा तांब्या भरून वर निघाली. तिला पायरीवर पाय ठेवायला, मग दुसरा तिथेच आणायला, मग कठड्याला हात बदलायला वेळ लागतो. वळणावर असताना दिवा गेला. ती तिथेच थांबली आणि आवाज दिला, ‘कुणी घालवला रे?’ घरात कुणी नव्हतं. वर जाता येईना, खाली येता येईना, बटण दोन्हीकडे लांब. आवाज ऐकून दिवे लावणारा भोंगा खोलीत, जिन्यातलं त्याला ऐकू जात नाही. शेवटी बसूनबसून वर गेली.

दादा फोनवर फार हळहळला आणि लगेच वेळ वाढवून देतो म्हणाला, हालचाल ओळखणारा सेन्सर पाठवतो म्हणाला. सेन्सरही मी बघितलेत. तो हालचाल ओळखतो. थांबलेलं माणूस त्याच्या लेखी नसतं. गुडघे दुखणारं माणूस तर जिन्यात थांबतंच.

आम्हा भावंडांचं यावरून बरंच वाजलं. त्याचं म्हणणं, सेटिंग नीट केलं की झालं. मी म्हणत होते की जुन्या जोडणीत दिवा घालवायचा तर कुणीतरी जिन्याच्या एका टोकाला उभं असावं लागायचं. तिथून जिना दिसतो. वर कुणी आहे का, पायरीवर मूल बसलंय का, हे बघितल्याशिवाय हात बटणाकडे जात नाही, गेला तर ‘अगं मी आहे’ म्हणून हाक येते. दिवा घालवायचा हक्क आणि जिना दिसणं, या दोन गोष्टी तारेने एकत्र बांधलेल्या होत्या. तशी कुणी योजना केली नव्हती, तारा तेवढ्याच लांब होत्या म्हणून. फोनने तो बांध काढला. लावायला काही हरकत नाही, लावलेल्या दिव्याने कुणी पडत नाही. घालवणं वेगळं.

शेवटी तोच तोडगा निघाला. वेळापत्रकात फक्त लावणं ठेवलं. आपोआप जाणं काढून टाकलं. दादाने फोनवरून लावावा, बघावा. घालवायचा नाही, ही बंदी ॲपमध्ये घालता येत नाही, ती तोंडीच आहे. दिवा रात्रभर राहिला तर ९ वॅटने रात्रभरात युनिटचा जेमतेम दहावा भाग होतो. आईने आणखी एक तक्रार केली, तिला इलाज नाही: बेलपुशवर घंटीचं चित्र असतं. पाहुणा दारातून आत आला की जिन्यापाशी हमखास ते दाबतो आणि वरून कुणी येईल म्हणून वाट बघत उभा राहतो.

मामांना पैसे द्यायला थांबले होते. त्यांनी आकृती मागितली, वरच्या बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायला. लाल कायमची, पिवळी सूचनेची, काळा दिव्यावरून आलेला न्यूट्रल. पुढचा वायरमन टू-वे समजून हात घालेल आणि पिवळी-लाल एकत्र करेल, ही भीती. ते चिकटवताना त्यांनी विचारलं, ‘ताई, असलं गोदामाला हुतंय काय?’

गोदाम वायरिंग ही आयटीआयमधली दुसरी ठरलेली जोडणी. हमाल आत जाताना पहिला दिवा लावतो, पुढे गेल्यावर दुसरं बटण दाबतो, दुसरा दिवा लागतो आणि मागचा जातो. असं शेवटपर्यंत. परत येताना उलट क्रमाने. एका वेळी एकच दिवा, माणसाबरोबर चालणारा. पहिलं बटण साधं, पुढे नुसत्या टू-वे स्विचांची साखळी, बाकी काही नाही.

‘होईल की,’ मी म्हटलं. ‘मॉड्यूलमध्ये तसं लिहिता येतं.’

‘आनि लाइट गेली तर? आत पोतं घेऊन उभा हाय माणूस. लाइट आली की त्याच्याच डोक्यावरचा दिवा लागाय पायजे. आत्ताच्यात लागतोय.’

मी सांगितलं की वीज परत आल्यावर काय करायचं, याचं सेटिंग असतं. बंद राहायचं, चालू व्हायचं, की आधी होतं तसं व्हायचं. नवा मॉड्यूल बऱ्याचदा बंदवर असतो, ते बदलून ‘आधी होतं तसं’ वर ठेवावं लागतं, प्रत्येक मॉड्यूलला वेगळं. आमच्या जिन्याचंही तसंच ठेवलंय.

‘आनि मॉड्यूल बदलला तर?’

‘तर नव्याला पुन्हा करावं लागतं.’

मामांनी खिशातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. ‘मग हे बी लिवा त्या कागदावर. मोठ्या अक्षरात.’